पेनाची पानं, पेन्सिलीची पानं

तलाठी भरतीच्या पहिल्या सराव पेपरात जीकेचे, म्हणजे सामान्य ज्ञानाचे, पंचवीसपैकी नऊ बरोबर आले. नऊचं एवढं वाईट वाटलं नाही, चुकलेल्या सोळांपैकी एका प्रश्नाचं वाटलं. ‘महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ कोणते?’ पर्याय होते लोणार, ठाणे खाडी, जायकवाडी आणि नांदूर मधमेश्वर. मी लोणारवर खूण केली.

माझं गाव निफाड तालुक्यात, नांदूरच्या बंधाऱ्यापासून आठ किलोमीटरवर. थंडीत आण्णांबरोबर मोटारसायकलवर मागे बसून जाताना पाण्यावर पसरलेले पक्षी मी शेकडो वेळा पाहिलेत. पुण्या-मुंबईहून लोक मोठमोठे कॅमेरे घेऊन यायचे आणि आम्ही त्यांना हसायचो, की बदकं बघायला एवढ्या लांबून कोण येतं? त्यामुळे पर्यायात नांदूरचं नाव दिसल्यावर मनात पहिला विचार हाच आला, की आपला बंधारा कसला कशात पहिला असतोय.

रूमवर येऊन ठोकळा, म्हणजे जीकेचं जाडजूड गाइड, उघडलं. त्यात रामसरची यादीच नव्हती, म्हणजे आवृत्ती जुनी. मग शोधाशोध करून पुढचं कळलं. रामसर हे इराणमधल्या एका गावाचं नाव. १९७१ साली २ फेब्रुवारीला तिथे पाणथळ जागांचा करार झाला, म्हणून जागतिक पाणथळ दिन त्या तारखेला. नांदूर मधमेश्वरचं नाव जाहीर झालं जानेवारी २०२० मध्ये. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये लोणार आलं आणि २०२२ मध्ये ठाणे खाडी. गोदावरी आणि कादवा जिथे मिळतात तिथे इंग्रजांनी बंधारा घातला, वर्षानुवर्षं गाळ साचला, उथळ पाणी आणि दलदल तयार झाली, म्हणून पक्षी आले. हे सगळं वाचायला वीस मिनिटं लागली. नंतर कधी विसरले नाही.

ठोकळ्यातल्या पाच हजार वाक्यांपैकी किती लक्षात आहेत हे तेव्हा स्वतःलाच विचारलं. उत्तर लाजिरवाणं होतं. सकाळी सहा ते आठ मी अभ्यासिकेत बसून एका ओळीची वाक्यं घोकायचे. ‘सर्वात लांब, सर्वात उंच, सर्वात पहिला.’ आठला चहा प्यायला नाशिकच्या अशोक स्तंभ चौकापर्यंत जाईपर्यंत अर्धी सांडलेली असायची. क्लासचे सर म्हणायचे, रिव्हिजन वाढवा. मी वाढवली. नऊचे अकरा झाले.

मग एका रविवारी मी दोनशे पानी नवी वही घेतली आणि मधल्या जोडपानावर आडवी एक वाकडी रेघ मारली. ती गोदावरी. डावीकडे त्र्यंबकेश्वर आणि ब्रह्मगिरी, उजवीकडे पानाच्या कडेला बंगालचा उपसागर. लांबी १४६५ किलोमीटर, त्यातली ६६८ महाराष्ट्रात. गंगेनंतर देशातली दुसरी लांब नदी, दक्षिणेत पहिली. एवढं रेघेखाली लिहिलं आणि मग जे जे या नदीच्या काठी घडलं ते तिथल्या तिथे टाचत गेले. त्र्यंबकला ज्योतिर्लिंग तर आहेच, पण दादासाहेब फाळके जन्मले तेही तिथे, ३० एप्रिल १८७०. थोडं पुढे गंगापूर धरण. आणखी पुढे पंचवटी. खाली सावरकरांचं भगूर, ते दारणा नदीच्या बाजूला. असं करत रेघ नांदूरला आली, तिथे मी एक बदक काढलं. चित्रकला वाईट आहे, पण ते बदकच आहे.

नांदूरच्या पुढची नदी मला आण्णांनी शिकवली, तीही रागारागाने. आमची द्राक्षं आणि कांदा. पावसाळा कमी झाला की ऑक्टोबरात घरात एकच विषय असतो, जायकवाडीला पाणी सोडणार का? पैठणचं ते धरण, नाथसागर म्हणतात त्याच्या जलाशयाला. १५ ऑक्टोबरला तिथला साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या नाशिक आणि नगरकडच्या धरणांतून पाणी सोडायचं, असं ते सूत्र. आण्णा त्यावर अर्धा तास बोलू शकतात आणि त्यात एकही शब्द छापण्याजोगा नसतो. पण समन्यायी पाणीवाटप म्हणजे काय, महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाचा कायदा २००५ चा, हे मला कुठल्याच पुस्तकातून पाठ करावं लागलं नाही. मराठवाड्यातून आलेली एक रूममेट होती, तिच्या घरी हीच गोष्ट उलट बाजूने चालायची. आम्ही दोघी त्यावरून एकदा खरोखर भांडलो आणि दुसऱ्या दिवशी जायकवाडीवरचे तिन्ही प्रश्न दोघींचेही बरोबर आले.

इतिहासाचं मात्र वेगळं झालं. तारखा मला कधीच टिकल्या नाहीत. संध्याकाळी पाय मोकळे करायला गोल्फ क्लबच्या मैदानावर जायचे, तिथे पोलीस भरतीची पोरं घामाघूम होऊन राउंड मारत असतात. सगळे गोल्फ क्लब म्हणतात, मीही म्हणायचे. फाटकावरचं ‘हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान’ हे नाव मी वर्षभर डोळ्यांसमोरून जाऊ दिलं होतं. त्या दिवशी थांबले. २१ डिसेंबर १९०९. कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली, त्याच्या निरोपासाठी विजयानंद थिएटरात ‘संगीत शारदा’चा प्रयोग. तिथे कान्हेऱ्यांनी गोळ्या झाडल्या. वय जेमतेम अठराच्या आसपास. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली, सोबत कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे. यातून एक धागा भगूरला जातो, कारण बाबाराव सावरकरांना झालेल्या शिक्षेचा राग यामागे होता आणि पिस्तुलं लंडनहून त्यांच्या धाकट्या भावाने, विनायक सावरकरांनी पाठवलेली. दुसरा धागा अभिनव भारत या सावरकरांच्या क्रांतिकारी संघटनेला जातो, १९०४. ठोकळ्यात हेच सगळं चार वेगवेगळ्या पानांवर चार सुट्या ओळींत होतं. मैदानाला तीन फेऱ्या मारताना ते एकत्र आलं.

पंचवटीतल्या काळाराम मंदिराचंही तसंच. बाबासाहेब आंबेडकरांचा मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला २ मार्च १९३० ला. घोकून मला ही तारीख १९२७ च्या महाडशी सतत गोंधळायची. मग लक्षात आलं की गांधीजी दांडीला निघाले ते १२ मार्च १९३० ला, म्हणजे बरोबर दहा दिवसांनी. एकाच महिन्यात इथे एक जण मंदिराचं दार मागतोय आणि तिकडे एक जण मीठ उचलायला निघालाय. दादासाहेब गायकवाड इथली बाजू सांभाळत होते, सत्याग्रह वर्षानुवर्षं चालला आणि दार उघडलं नाही. मग १३ ऑक्टोबर १९३५, येवला, धर्मांतराची घोषणा. आणि १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर. मध्ये एकवीस वर्षं आणि एक दिवस. घटनाक्रम लावा अशा प्रश्नात मला यापुढे कधी पेन टेकवून विचार करावा लागला नाही. खरं सांगायचं तर तोवर मी पंचवटीत असंख्य वेळा गेले होते, पण कोंडाजीचा चिवडा घ्यायला.

पांडवलेणीला आम्ही तिघी एकदा सकाळी चढून गेलो. बाकीच्या दोघी फोटो काढत होत्या आणि मी तिसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात त्या लेखासमोर उभी. एक अक्षर वाचता येत नव्हतं अर्थात, ब्राह्मी. पण हा गौतमी बलश्रीचा लेख आहे, एका आईने गेलेल्या मुलाचं केलेलं वर्णन आहे, हे माहीत असल्याने बघायला वेगळंच वाटलं. ज्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं असा तो सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी. जवळच दहा नंबरच्या लेण्यात शत्रूपक्षाचे लेख आहेत, क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याचे. एकाच डोंगरावर दोन्ही घराणी. नहपानाला हरवल्यावर सातकर्णीने त्याचीच नाणी घेऊन त्यांवर आपला ठसा मारला. याचा पुरावा कुठे मिळाला, तर आमच्याच जिल्ह्यात, जोगलटेंभीला. दारणा आणि गोदावरीच्या संगमाजवळचं गाव. १९०६ मध्ये तिथे तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. माझ्या मावशीची सासुरवाडी त्या पट्ट्यातली. वहीतल्या रेघेवर मी तिथे एक गोल काढला.

नोटांचा विषय दुसऱ्या रूममेटच्या वडिलांनी सोडवला. ते नाशिकरोडला प्रेसमध्ये होते. नाशिकरोडला नुसतं ‘प्रेसमध्ये’ म्हटलं की वर्तमानपत्र कोणी समजत नाही. काका निवृत्त झालेले आणि बोलायला माणूस शोधत असायचे. त्यांनी चहा पिता पिता सांगितलं की इंडिया सिक्युरिटी प्रेस वेगळं आणि करन्सी नोट प्रेस वेगळं. स्टॅम्प, पासपोर्ट पहिल्यात, नोटा दुसऱ्यात. नोटा देशात चार ठिकाणी छापतात. नाशिक आणि देवास सरकारच्या महामंडळाकडे, म्हैसूर आणि सालबोनी रिझर्व्ह बँकेच्या कंपनीकडे. नाणी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला. ‘एक रुपयाच्या नोटेवर सही कोणाची?’ काकांनी विचारलं. मी म्हटलं, गव्हर्नर. ते इतके खूश झाले की काकूंना आतून बोलावून माझं उत्तर पुन्हा ऐकवलं. अर्थसचिवाची असते, कारण ती नोट भारत सरकारची, रिझर्व्ह बँकेची नाही. हा प्रश्न मला नंतर दोन पेपरांत आला आणि दोन्ही वेळा मला काकूंचा चेहरा आठवला.

पंचायत राज आमच्या चुलतीमुळे सुटलं. चुलती सरपंच होती, पन्नास टक्के महिला आरक्षणाच्या काळात निवडून आलेली. त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने देशभर एक तृतीयांश दिलं आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये ते निम्मं केलं. तिच्या वेळी उपसरपंचाने रुसून राजीनामा दिला आणि तो थेट पंचायत समितीला नेऊन दिला. तिथून तो परत आला, कारण उपसरपंचाने राजीनामा सरपंचाकडे द्यायचा असतो. सभापतीकडे जातो तो सरपंचाचा. गावात हा विनोद अजून सांगतात. ग्रामपंचायतीत सात ते सतरा सदस्य, मूळ कायदा १९५८ चा, जिल्हा परिषदेचा १९६१ चा आणि अंमल १ मे १९६२ पासून, एवढं त्याच्याभोवती चिकटवून टाकलं. सातबाराही घरात होताच. गाव नमुना सात म्हणजे अधिकार अभिलेख, बारा म्हणजे पिकांची नोंद, सहा फेरफार, आठ-अ खातेदाराचं एकूण खातं. तलाठ्याच्या परीक्षेला बसणारी मी, आणि तोपर्यंत आमचा उतारा नीट वाचलेला नव्हता. वाचला तेव्हा कळलं की आजोबांच्या नावाचं स्पेलिंग त्यावर चुकलंय. ते दुरुस्त करायला जो वेळ गेला तो वेगळा लेख होईल.

विज्ञान आणि अर्थशास्त्राला हा काही उपाय लागू पडला नाही. जीवनसत्त्वांची रासायनिक नावं मी घोकूनच पाठ केली आणि घोकल्यासारखीच विसरले. त्यावर जास्त बोलण्यात अर्थ नाही.

जास्त वेळ गेला तो पुस्तकं एकमेकांशी भांडायला लागली त्यात. गंगापूर धरण एका ठोकळ्यात महाराष्ट्रातलं पहिलं मातीचं धरण, दुसऱ्यात भारतातलं, आणि झेरॉक्सच्या दुकानात मिळणाऱ्या एका नोट्समध्ये चक्क आशियातलं. चौथं पुस्तक उघडायची भीती वाटली, पृथ्वीच्या बाहेर गेलं असतं. मी वहीत फक्त ‘मातीचं, गोदावरीवर’ एवढंच ठेवलं. कुसुमाग्रजांचा जन्म नाशिकचा असं एका सराव पेपरच्या आन्सर कीमध्ये होतं. नाशिकचा माणूस हे भावनेने मान्य करेल, पण जन्म पुण्याचा, २७ फेब्रुवारी १९१२. आयुष्य इथलं. ज्ञानपीठ १९८७ चं, मराठीत खांडेकरांनंतर दुसरं. मी त्या क्लासला जाऊन चूक दाखवली, तर तिथले मॅनेजर म्हणाले, ‘मॅडम, एका मार्काने काय होतंय.’ स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये बसून हे वाक्य बोलायला धाडस लागतं.

कळसूबाईवरून तर अभ्यासिकेत दोन गट पडले. इगतपुरीचा एक दादा होता, तो शपथ घेऊन सांगायचा की कळसूबाई नाशिक जिल्ह्यात. त्याच्या घराच्या गच्चीतून दिसते म्हणे. दिसत असेल, आपणही सगळे घोटीवरूनच जातो, पण चढायला सुरुवात होते ती बारी गावातून आणि बारी अकोले तालुक्यात, म्हणजे शेजारच्या जिल्ह्यात. उंची १६४६ मीटर. नाशिकच्या वाट्याला साल्हेर आहे, बागलाणमधला, १५६७ मीटर, राज्यातला सर्वात उंच किल्ला आणि दुसरं उंच शिखर. दादाला हे पटायला नकाशा छापून आणावा लागला. त्यानंतर त्याने आठ दिवस माझ्याशी बोलणं सोडलं होतं.

याच भांडणातून पेन आणि पेन्सिलीची सोय निघाली. जे बदलणार नाही ते निळ्या पेनाने. डोंगरांच्या उंच्या, नद्यांचे उगम, मेलेल्या माणसांच्या तारखा, कलमांचे क्रमांक. जे उद्या बदलू शकतं ते पेन्सिलीने. रामसर स्थळं किती, अभिजात भाषा किती, कोण कोणत्या पदावर. कळसूबाईचं सगळं पेनाने लिहिलं, तालुक्या-जिल्ह्यासकट, अधोरेखित करून, दादाला दिसावं म्हणून.

२०२३ ची तलाठी भरती आली, ४६४४ जागा. शंभर प्रश्न, दोनशे गुण, दोन तास, मराठी, इंग्रजी, जीके आणि बुद्धिमत्तेचे पंचवीस-पंचवीस, निगेटिव्ह नाही. परीक्षा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये महिनाभर शिफ्टमध्ये चालली. माझं केंद्र नाशिकच्या बाहेर आलं, पहाटेची एसटी, सोबत आण्णा. केंद्रावर सिस्टीम चालू व्हायला उशीर झाला आणि आम्ही उन्हात उभे. शेजारची एक ताई सात महिन्यांची गरोदर होती, तिला कोणीतरी वॉचमनची खुर्ची आणून दिली. आत गेल्यावर जीकेत एकोणीस बरोबर आले, हे नंतर आन्सर कीवरून कळलं. नऊवरून एकोणीस. आणि बुद्धिमत्तेत बारा. म्हणजे ज्या विषयाला मी दीड वर्ष सजवत बसले त्याने मला वर काढलं आणि ज्याला गृहीत धरलं त्याने खाली ओढलं. वेगवेगळ्या शिफ्टचे गुण एका पातळीवर आणणाऱ्या नॉर्मलायझेशननंतर कोणाकोणाला दोनशेपैकी दोनशेच्या वर गुण मिळाल्याच्या बातम्या आल्या, तेव्हा मी कटऑफच्या बरीच खाली होते. आण्णा म्हणाले, ‘दोनशेत दोनशेच्या वर कसे पडतात, हे पहिलं जीके मला समजाव.’ मी समजावायचा प्रयत्न केला. त्यांनी शेवटी द्राक्षाच्या प्रतवारीचं उदाहरण देऊन मलाच समजावलं, आणि ते जवळपास बरोबर होतं.

त्यानंतर सहा महिने मी जीकेची वही बंद ठेवली. दिवसाला तीस बुद्धिमत्तेची गणितं, सावानात, म्हणजे नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात बसून. ते वाचनालय १८४० चं आहे, हे तेवढं राहवलं नाही म्हणून पेनाने लिहून ठेवलं. पुढच्या एका भरतीत लिपिक म्हणून निवड झाली. ठोकळे मी रद्दीत घातले, वही ठेवली.

आता चुलतभाऊ पोलीस भरतीची तयारी करतोय, सकाळी गोल्फ क्लबवर धावतो. वही मागायला आला तेव्हा मी आधी पेन्सिलीची पानं अद्ययावत करून दिली. अभिजात भाषा अकरा झाल्या, ३ ऑक्टोबर २०२४ ला मराठीसह पाच वाढल्या. साल्हेरसमोर लिहिलं, जुलै २०२५ मध्ये जागतिक वारशात, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांपैकी एक, अकरा महाराष्ट्रात आणि जिंजी तमिळनाडूत. सिंहस्थाचं २००३, २०१५ आणि २०२७ असं लिहून दिलं, गुरू सिंह राशीत येतो म्हणून सिंहस्थ, हे सांगितलं. शहरभर त्याचेच रस्ते खणलेत, त्यामुळे ते त्याला पाठ होतंच. पेनाच्या पानांना हात लावायची गरज वाटली नाही.

चार दिवसांनी तो वही घेऊन परत आला. पान उघडून माझ्यासमोर धरलं. ‘कळसूबाई, १६४६ मी., ता. अकोले, जि. अहमदनगर.’ निळ्या पेनाने, दोनदा अधोरेखित. त्याने शेवटच्या शब्दावर तांबडी रेघ मारून वर ‘अहिल्यानगर’ लिहिलं होतं.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘हे मी पेनाने लिहिलंय. चालेल ना, का पेन्सिलीने लिहू?’